परदेशातल्या शहरात कुटुंबासाठी मुक्काम निवडताना: फोटो सगळ्यात शेवटी

विमानाची तिकिटं निघाली की बहुतेक घरांत रात्रीची जेवणं उरकल्यावर कुणीतरी लॅपटॉप उघडतं, शहराचं नाव टाकतं, स्वस्त ते महाग असा क्रम लावतं आणि फोटो बघत बसतं. गडबड इथूनच सुरू होते. आपल्याकडचा नेहमीचा मेळ म्हणजे नवरा-बायको, शाळेतली दोन मुलं आणि सत्तरीच्या आसपासचे आजी-आजोबा. बुकिंगच्या साइट मात्र उघडतानाच दोन माणसं गृहीत धरतात. मग सहा जणांना एक बाथरूम मिळते, आजोबांच्या वाट्याला बिनलिफ्टचा पाचवा मजला येतो, नाहीतर व्हिसा हातात नसताना भरलेले पैसे बुडतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. प्रत्येक टप्प्यावर काही जागा गळतील आणि शेवटी चार-पाच उरतील. फोटो तेव्हा बघायचे. मे महिन्याच्या सुट्टीसाठी डिसेंबर-जानेवारीत बसा, दिवाळीच्या सुट्टीसाठी मे-जूनमध्ये. कनेक्टिंग (मधे आतून दार असलेल्या) खोल्या आणि दोन बेडरूमची घरं सगळीकडेच कमी असतात आणि तीच आधी संपतात.

टप्पा १: माणसं, पलंग, बाथरूम यांचा हिशेब कागदावर

साइट उघडण्याआधी एका कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: प्रवासाच्या तारखेला पूर्ण झालेलं वय, सलग किती पायऱ्या चढता येतात, कोण कुणाजवळ झोपणार आणि रात्री किती वेळा उठावं लागतं. शेवटचा मुद्दा लिहायला संकोच वाटतो, पण बाथरूम किती हव्यात हे त्यावरच ठरतं.

साइटवर माणसांची खरी संख्या आणि मुलांची खरी वयं टाका. ‘दोघांचं बुकिंग करू, मुलं आमच्यातच झोपतील’ हा हिशेब युरोपातल्या हॉटेलात चालत नाही. खोलीत किती माणसं राहू शकतात हे ठरलेलं असतं, आणि त्यात आगीच्या वेळच्या सुरक्षेचे नियमही येतात. काउंटरवर पासपोर्ट दाखवताना चार माणसं दिसली की दुसरी खोली घ्यायला लावतात, तीही त्या दिवसाच्या भावाने. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षं ही सीमा असते, त्यापुढचं मूल मोठ्यांत धरलं जातं. काही हॉटेलं ती सीमा याहूनही खाली ठेवतात. जपानमध्ये तर भाव खोलीवर नाही, बहुतेकदा माणशी असतो. संख्या चुकली की किंमतच चुकते.

पलंगाची रुंदी सेंटीमीटरमध्ये बघा, नावावर जाऊ नका. आपल्या घरातला सहा फुटी डबल बेड १८० सेंटीमीटरचा असतो. ब्रिटनमधला साधा ‘डबल’ १३५ चा, फ्रान्समधला बहुधा १४० चा, आणि जपानमधला ‘सेमी-डबल’ फक्त १२० चा. त्यावर आई, बाबा आणि मधे मूल मावत नाही. सोफा-बेड वाढत्या वयाच्या मुलाला तीन-चार रात्री चालतो, आजी-आजोबांना नाही: तो जमिनीपासून ठेंगणा असतो आणि उठताना गुडघ्यावर भार येतो.

क्षेत्रफळही आपल्या मापात आणून बघा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. टोकियोतली १२ चौरस मीटरची खोली म्हणजे सुमारे १३० चौरस फूट, आपल्याकडच्या दहा बाय तेराच्या खोलीएवढी, आणि बाथरूम त्यातच. दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही.

घरांची नावंही तशीच फसवतात, कारण आपण बेडरूम मोजतो आणि तिकडे पुष्कळ ठिकाणी खोल्या मोजतात. फ्रान्समधलं ‘द पिएस’ म्हणजे दोन खोल्या: एक दिवाणखाना, एक झोपायची खोली. आपल्या भाषेत तो वन बीएचके झाला. जर्मनीतलं ‘त्स्वाय त्सिमर’ आणि इटलीतलं ‘बिलोकाले’ हेही वन बीएचकेच. इटलीत टू बीएचके हवा असेल तर ‘त्रिलोकाले’ बघा. जपानमध्ये ‘टू एलडीके’ म्हणजे दोन बेडरूम आणि स्वयंपाक-जेवणाची बैठक. ‘स्टुडिओ’ सगळीकडेच वन आरके.

आता बाथरूम. सहा जणांना दोन हव्यात. अगदीच एक असेल तर संडास वेगळा असलेलं घर घ्या. फ्रान्समधल्या जुन्या घरांत तशी सोय पुष्कळदा असते. पाणी तापवायला टाकी असेल तर ती किती लिटरची हे विचारा. शॉवरला मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी लागतं, त्यामुळे टाकी लहान असली की चौथ्या माणसावर गार पाणी येतं आणि सकाळचा दीड तास वाट बघण्यात जातो. बाथटबमधला शॉवर ही वेगळी अडचण. टबची कड दीड फुटाच्या आसपास उंच असते, ती ओलांडताना वयस्कर माणसाचा पाय घसरतो. ‘वॉक-इन शॉवर’ असं लिहिलेलीच जागा घ्या. जेट स्प्रे युरोपात बहुतेक ठिकाणी नसतो, तेव्हा एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका.

तपासा: कागदावर आता किमान पलंग, किमान बेडरूम आणि किमान बाथरूम हे तीन आकडे आले का? यापेक्षा कमी असलेली जागा कितीही सुंदर आणि स्वस्त असली तरी यादीत घ्यायची नाही.

टप्पा २: हॉटेल, अपार्टहॉटेल की घर

हॉटेलात दोन खोल्या घेणार असाल तर शब्द नीट वाचा. ‘कनेक्टिंग’ म्हणजे दोन खोल्यांच्या मधे आतून दार. ‘अडजॉइनिंग’ आणि ‘अडजेसंट’ म्हणजे नुसत्या शेजारच्या किंवा जवळच्या खोल्या. साइटवरच्या ‘विशेष विनंती’च्या चौकटीत कनेक्टिंग लिहिलं म्हणजे ते मिळालं असं होत नाही, ती फक्त विनंतीच राहते. हॉटेलला थेट ईमेल करा आणि ‘हमी आहे’ असं लेखी उत्तर आलं तरच धरून चाला. नाहीतर मुलं तिसऱ्या मजल्यावर आणि तुम्ही सातव्या.

भाड्याच्या घराचा भाव एका रात्रीचा दिसतो, पण साफसफाईचे पैसे एकदाच लागतात. म्हणून मुक्काम लहान असला की घर महाग पडतं. समजा भाडं रात्रीला २०० युरो आणि सफाईचे १२० युरो. दोन रात्रींचे ५२० होतात, म्हणजे रात्रीला २६०. सहा रात्री राहिलात तर एकूण १,३२०, म्हणजे रात्रीला २२०. त्याच शहरात १३० युरोच्या दोन हॉटेल खोल्या नाश्त्यासकट मिळत असतील तर दोन रात्रींसाठी घर घेण्यात अर्थ नाही. साइटचं सेवाशुल्क आणि शहराचा कर धरूनच तुलना करा. शेवटच्या पानावरची रक्कम भागिले रात्री, हाच खरा भाव.

आजी-आजोबांना घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर आमचं मत अपार्टहॉटेलच्या बाजूने आहे. भाजी-भात करता येईल एवढं स्वयंपाकघर असतं, खाली काउंटरवर माणूस असतो, आणि औषध संपलं, गिझर बंद पडला किंवा किल्ली आत राहिली तर कुणाला तरी गाठता येतं. चार रात्रींपर्यंत हॉटेल किंवा अपार्टहॉटेल, पाच किंवा जास्त रात्री आणि सहा माणसं असतील तर घराचाही विचार करा.

टप्पा ३: ते घर कायद्यात बसतं का

साइटवर दिसतं म्हणजे चालतं, असं नाही. हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि मग प्रवासाच्या तोंडावर बुकिंग रद्द झाल्याचा संदेश येतो.

सिंगापूरमध्ये खासगी फ्लॅट तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देताच येत नाही, सरकारी एचडीबी फ्लॅटला तर सहा महिन्यांची अट आहे. पर्यटकाने तिथे हॉटेल किंवा परवाना असलेलं सर्व्हिस्ड अपार्टमेंटच घ्यायचं. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामाला घरमालक स्वतः त्याच घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. म्हणजे कुटुंबासाठी तो मार्ग बंदच. ॲमस्टरडॅममध्ये लोक स्वतःचं राहतं घर सुट्टीपुरतं भाड्याने देतात, तिथे एका वेळी चारच पाहुणे चालतात. सहा जणांनी असल्या घराच्या नादी लागू नये. पॅरिसमध्ये जाहिरातीवर नोंदणी क्रमांक असावा लागतो. बार्सिलोनाने पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. तोवर परवाना क्रमांक दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. जपानमध्ये २०१८ पासून घरगुती मुक्कामासाठी नोंदणी लागते आणि असं घर वर्षातून १८० दिवसच देता येतं.

सावधान: ‘इमारतीत कुणी विचारलं तर आम्ही नातेवाईक आहोत म्हणून सांगा,’ असा निरोप यजमानाकडून आला तर ते बुकिंग त्याच दिवशी सोडा.

टप्पा ४: परिसर, आणि तोही पायऱ्या मोजून

‘शहराच्या मध्यापासून ३ किलोमीटर’ हे अंतर बहुधा नकाशावरच्या सरळ रेषेतलं असतं. मधे नदी, रेल्वेचे रूळ किंवा मोठा रस्ता असला की खरं अंतर वाढतं. पुण्यात डेक्कनवरून नदीपलीकडचं शनिवार पेठेतलं घर समोर दिसतं, पण जायचं तर पूल गाठावाच लागतो. तसंच हे.

त्यामुळे नकाशाच्या ॲपमध्ये घराचा किंवा जवळच्या चौकाचा पत्ता टाका, तुम्हाला बघायची तीन ठिकाणं निवडा आणि सकाळी नऊची वेळ देऊन सार्वजनिक वाहनाने किती वेळ लागतो ते बघा. एकदा गाडी बदलून ३५ मिनिटांत पोचत असाल तर जागा ठीक. दोनदा बदलावी लागत असेल तर लहान मुलं आणि वयस्कर माणसं दुपारी विश्रांतीला परत येत नाहीत, दिवसभर बाहेरच राहतात आणि तिसऱ्या दिवशी थकून बसतात. दुपारी दोन तास घरी येता येणं हीच कुटुंबाच्या सहलीतली खरी चैन. त्यासाठी मध्यवर्ती भागात रात्रीला हजार-दीड हजार रुपये जास्त गेले तरी ते बहुतेकदा परत मिळतात, कारण टॅक्सी आणि बाहेरचं खाणं वाचतं.

पुढची पायरी जवळचं स्थानक. पॅरिसच्या मेट्रोत १४ क्रमांकाची मार्गिका पूर्णपणे बिनपायऱ्यांची आहे, पण जुन्या मार्गिकांवर लिफ्ट क्वचितच. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना तिथे बस सोपी, म्हणून दारापासून बसथांबा किती दूर ते बघा. लंडनमध्ये बिनपायऱ्यांच्या स्थानकांचा वेगळा नकाशा मिळतो, त्यात तुमचं स्थानक आहे का पाहा. टोकियोत लिफ्ट पुष्कळ ठिकाणी आहेत, पण स्थानकाच्या ठराविक दारांनाच. ‘स्थानकापासून ४ मिनिटं’ ही जाहिरात सगळ्यात जवळच्या दाराची असते, आणि लिफ्टचं दार पलीकडच्या टोकाला असू शकतं.

मग रस्त्यावरचं चित्र दाखवणाऱ्या नकाशात स्थानकापासून दारापर्यंत ‘चालून’ या. चढ आहे का? दगडी रस्त्यावरून चाकांची बॅग ओढावी लागेल का? खाली बार आहे का? किराणा आणि औषधाचं दुकान दहा मिनिटांच्या आत आहे का? संध्याकाळी त्या रस्त्यावर वर्दळ असते का, याचं उत्तर मात्र अभिप्रायांतून मिळेल.

टप्पा ५: इमारत आणि घर

आता यादीत चार-पाच जागा उरल्या असतील. फोटो इथे उघडा.

आधी मजला. युरोपात बहुतेक ठिकाणी आपल्यासारखाच तळमजला शून्य धरतात. जपान, सिंगापूर आणि अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात. बार्सिलोनाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर ‘एन्त्रेसुएलो’ आणि ‘प्रिन्सिपाल’ असे मजले येऊ शकतात आणि मगच ‘पहिला’ सुरू होतो. म्हणजे चढायला तिसरा. पाचवा मजला बिनलिफ्टचा असेल तर साधारण शंभर पायऱ्या होतात. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ आहेत. बॅगा घेऊन एकदा आणि नंतर रोज दोनदा पर्वती चढायची तयारी घरातल्या प्रत्येकाची आहे का, हे ठरवा. लिफ्ट आहे असं लिहिलं असलं तरी जुन्या युरोपीय इमारतीत ती दोन माणसांची असू शकते आणि तिच्यापर्यंत पोचायलाही सहा-आठ पायऱ्या असू शकतात.

स्वयंपाकघराच्या फोटोत शेगडीचा प्रकार बघा. इंडक्शन असेल तर घरून नेलेल्या कुकरचा तळ इंडक्शनला चालणारा हवा. तळाला चुंबक चिकटतो का, एवढीच परीक्षा. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म असतोच. कडक तेलात मोहरी-हिंगाची फोडणी आणि वर मिरचीचा खाट उठला की तो वाजतो, आणि काही इमारतींत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. तेल कमी तापवा, खिडकी उघडा, चिमणी चालू ठेवा. अलार्मवर पिशवी किंवा फडकं बांधू नका, त्याला दंड होऊ शकतो आणि ते जिवावरही बेतू शकतं. घरून नेण्याच्या सामानात युरोपीय संघाच्या देशांसाठी तूप, पेढे, चीज असे दुधाचे पदार्थ ठेवू नका. प्रवाशांना ते नेण्याची परवानगी नाही. मेतकूट, भाजणी, पोहे, चटण्या चालतील.

जपानमध्ये विजेचा दाब १०० व्होल्ट असतो, आपल्याकडचा राइस कुकर किंवा किटली तिथे नीट तापत नाही. ब्रिटन, सिंगापूर, दुबईला तीन चपट्या पिनांचा प्लग लागतो, उरलेल्या युरोपात बहुतेक ठिकाणी दोन गोल पिनांचा.

एसी सिंगापूर-दुबईत गृहीत धरा. पॅरिस किंवा रोमच्या घरात तो असेलच असं नाही, म्हणून जूनच्या मध्यानंतर जाणार असाल तर सोयींच्या यादीतला ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द वाचल्याशिवाय बुकिंग करू नका. फोटोतला पंखा म्हणजे एसी नाही.

अभिप्राय वाचताना एकूण गुणांवर थांबू नका. गेल्या वर्षभरातले आणि ‘कुटुंब’ हा पर्याय निवडून आलेले तेवढेच वाचा, आणि त्यात स्टेअर्स, नॉइज, हॉट वॉटर, स्मेल, स्मॉल हे शब्द शोधा. एकाच तक्रारीचा तीनदा उल्लेख आला तर ती खरी धरा. फोटोत बाथरूम अजिबात नसेल तर यजमानाकडून मागवा. दिला नाही तर जागा सोडा.

टप्पा ६: पैसे भरण्याआधी लेखी विचारायचे प्रश्न

साइटच्याच संदेशपेटीतून विचारा, फोनवर नाही; नंतर वाद झाला तर तोच पुरावा. विचारा की—

१. आम्ही इतके मोठे आणि अमुक वयांची मुलं आहोत. एवढ्यांना परवानगी आहे का?
२. रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, लिफ्टच्या आधीच्याही धरून?
३. पलंग किती आणि प्रत्येकाची रुंदी किती सेंटीमीटर?
४. शॉवर टबमध्ये आहे की जमिनीलगत?
५. जागेवर रोख द्यावं लागणारं काही आहे का: शहराचा कर, अनामत, उशिरा येण्याचं शुल्क?
६. व्हिसासाठी सगळ्या प्रवाशांची नावं असलेलं पत्र द्याल का?

दोन नंबरच्या प्रश्नाला ‘थोड्याशाच’ असं उत्तर आलं तर आकडा पुन्हा मागा.

टप्पा ७: पैसे, रद्द करण्याच्या अटी आणि व्हिसा

सगळ्यात महागडी चूक या टप्प्यावर होते: दहा-पंधरा टक्के वाचवायला ‘परतावा नाही’ हा भाव घेणं, आणि तोही व्हिसाआधी. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट मिळणं अवघड असतं. अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: फुकट रद्द करता येणारं बुकिंग, मग व्हिसा, मग हवं तर स्वस्त भावावर बदल. रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसा येण्याच्या अपेक्षित दिवसानंतरची असू द्या, आणि ती वेळ सहसा तिथल्या घड्याळाप्रमाणे धरतात हे लक्षात ठेवा.

बुकिंगच्या कागदावर एकाचंच नाव असणं ही अर्जातली नेहमीची उणीव. सहाही नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहून घ्या. खोटं किंवा भाड्याने मिळणारं ‘डमी’ बुकिंग जोडू नका. पडताळणीत सापडलं तर सगळ्या कुटुंबाचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. व्हिसानंतर जागा बदलली तर नवा कागद सोबत ठेवा, विमानतळावर अधिकारी मागू शकतात.

कर वेगळा धरा. ॲमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे. रोममध्ये माणशी, रात्रीमागे, बहुतेकदा जागेवरच द्यावा लागतो आणि दहा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. दुबईत खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहॅम.

परदेशी चलनातल्या खर्चावर बऱ्याच भारतीय कार्डांना २ ते ३.५ टक्के जास्तीचे लागतात, वर जीएसटी. मशीनने ‘रुपयांत भरायचं का?’ विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात भरा. रुपयांचा पर्याय जवळजवळ नेहमीच महाग पडतो. अनामत क्रेडिट कार्डावर अडकवा. डेबिट कार्डावर तीच रक्कम खात्यातून जाते आणि परत यायला दिवस लागतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू केलेत का, तेही पाहा.

सावधान: बुकिंग झाल्यावर ‘कार्ड पडताळणी राहिली आहे, या लिंकवर २४ तासांत भरा’ असा संदेश आला, साइटच्याच संदेशपेटीत आला तरी, लिंक उघडू नका. यजमानाचं खातं चोरीला गेलेलं असू शकतं. साइट नव्याने उघडून तुमच्या खात्यात काही बाकी दिसतं का ते बघा.

टप्पा ८: पोचण्याची वेळ आणि पहिला तास

पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून थेट परदेशी विमानं मोजकीच, युरोपला जायचं तर बहुतेकदा मुंबई गाठावी लागते. मुंबईपर्यंत चार तास, विमानतळावर तीन, थेट विमान असलं तरी नऊ-दहा तास. दारात पोचेपर्यंत घर सोडून सतरा-अठरा तास झालेले असतात. पहाटे उतरलात तर खोली दुपारी तीनलाच मिळते. सामान ठेवायची सोय लेखी विचारा. आजी-आजोबा सोबत असतील आणि विमान सकाळी सातच्या आत उतरत असेल तर आदल्या रात्रीचंही भाडं भरा आणि ‘सकाळी येऊ’ असं कळवून ठेवा. कळवलं नाही तर रात्री कुणी आलं नाही म्हणून पूर्ण बुकिंगच रद्द होऊ शकतं.

स्वतः किल्ली घ्यायची असेल तर दाराचा कोड, पेटीचा फोटो आणि पत्ता स्थानिक लिपीसकट फोनमध्ये उतरवून ठेवा, एक प्रत कागदावरही. इंटरनेट लागेपर्यंत थांबायला नको.

आत गेल्यावर बॅगा उघडण्याआधी घरभर एक व्हिडिओ काढा: ओरखडे, डाग, फुटलेली काच, सगळं. गरम पाणी, शेगडी, हीटर किंवा एसी, सगळ्या खिडक्यांच्या कड्या आणि मुख्य दाराचं आतलं कुलूप चालवून बघा. काही बिघडलेलं असेल तर त्याच दिवशी, साइटच्या संदेशपेटीतूनच, फोटोसह कळवा. तक्रारीला बहुतेक ठिकाणी २४ ते ७२ तासांची मुदत असते. घरी परतल्यावर लिहिलेल्या तक्रारीचा परतावा मिळवणं फार कठीण.